ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला पित्ताची गोळी देण्याआधी



या वेळचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, हा काही आपल्या गावाचा विषय नाही. पण यातली गोळी तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. देवघराच्या फळीवर, नाहीतर टीव्हीमागे, नाहीतर पर्सच्या आतल्या कप्प्यात. पॅन-४०, पॅन-डी, ओमेझ, रॅन्टॅक. आपण हिला ‘पित्ताची गोळी’ म्हणतो, किंवा ‘खाली पोटी घ्यायची गोळी’. ताप आला, दात काढला, गुडघा दुखला, कशासाठीही दवाखान्यात जा, चिठ्ठीत ही असतेच. ‘बाकीच्या गोळ्या गरम पडू नयेत म्हणून’ असं सांगून देतात. त्यामुळे झालंय काय, की आपण हिला औषध समजतच नाही. कोणी विचारलं ‘काय काय औषधं चालू आहेत?’ तर बीपीची गोळी सांगतो, शुगरची सांगतो, हिचं नाव कोणी घेत नाही.

चांगल्या तब्येतीच्या माणसाने चार दिवस ही गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण घरात कोणाला रक्ताचा कॅन्सर असेल आणि त्याला काही ठराविक औषधं चालू असतील, तर हीच गोळी त्या औषधाची ताकद जवळजवळ निम्म्यावर आणू शकते. आणि हे वरून कळत नाही. रुग्णाला उलट बरंच वाटत असतं, कारण जळजळ थांबलेली असते.

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. तेव्हा कुठली गोळी घ्या आणि कुठली सोडा हे मी सांगणार नाही. डॉक्टरांना काय विचारायचं आणि का विचारायचं, तेवढं सांगते.

रक्ताचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नव्हे, त्यात बरेच प्रकार येतात. मला गावांमध्ये जास्त करून भेटतात ते सीएमएलचे, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे रुग्ण. कारण हे लोक घरीच असतात. शेतावर जातात, लग्नकार्याला जातात, गटाच्या बैठकीलाही येतात. या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. पूर्वी यावर फार काही हातात नव्हतं. २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं. रोज गोळी, न चुकता, वर्षानुवर्षे. औषध नीट लागू पडलं तर माणूस जवळपास इतरांइतकं आयुष्य जगतो.

ही गोळी आपल्या लोकांच्या हाती सहज आलेली नाही. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची. आपल्याकडच्या कंपन्यांनी तीच गोळी कितीतरी स्वस्त केली, त्यावरून पेटंटचा खटला चालला, आणि १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारलं. म्हणून आज ती आपल्याला परवडते, आणि योजनेतूनही मिळते. एवढं करून घरात आलेलं औषध पोटात गेल्यावर वाया जात असेल, तर ते आपल्याला माहीत हवं की नको?

इमॅटिनिब काहींना सोसत नाही. चेहरा सुजतो, पायात गोळे येतात. काहींना ती पुरत नाही. मग डॉक्टर दुसरं औषध देतात. त्यातली दोन नावं लक्षात ठेवा: डॅसाटिनिब आणि निलोटिनिब. खरी गोष्ट इथून सुरू होते.

तांब्याचा हंडा नुसत्या पाण्याने कितीही घासा, काळपट तो काळपटच. चिंच लावली की कसा लखलखतो! कारण तो काळा थर आंबटात विरघळतो, साध्या पाण्यात विरघळत नाही. डॅसाटिनिब आणि निलोटिनिब ही औषधं तशीच. पोटातल्या आंबट पाण्यात, म्हणजे अ‍ॅसिडमध्ये, ती विरघळतात आणि मग रक्तात जातात. पित्ताच्या गोळीचं कामच मुळी ते आंबट पाणी कमी करणं. म्हणजे आपण हंडा घासायला घेतला आणि चिंचच काढून ठेवली.

हे तपासून पाहिलेलं आहे. ओमेप्राझोल घेतलेल्या माणसाला डॅसाटिनिब दिलं, तर रक्तात पोहोचणारं औषध साधारण ४३ टक्क्यांनी कमी भरलं. फॅमोटिडीन आधी दिलं तेव्हा तर ६१ टक्क्यांनी. निलोटिनिबसोबत इसोमेप्राझोल दिलं तर ३४ टक्के घट. म्हणजे रुग्ण रोज अख्खी गोळी गिळतो आणि अंगी लागते अर्धीमुर्धी.

‘मग पित्ताची सकाळी घ्यायची आणि कॅन्सरची रात्री,’ असं एका ताईंनी मला लगेच सुचवलं. डोकं बरोबर चाललं होतं, पण प्रत्येक गोळीला हे लागू पडत नाही. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ येतं (ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल) त्या गोळ्या पोटातला अ‍ॅसिड सोडणारा पंपच बंद करतात. त्यांचा परिणाम दिवसभर आणि त्याहूनही जास्त टिकतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ करून सुटका नाही. डॅसाटिनिब किंवा निलोटिनिब चालू असेल तर या गोळ्या टाळाव्यात, असंच औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं आहे. ज्यांच्या शेवटी ‘टिडीन’ येतं (रॅनिटिडीन, फॅमोटिडीन) त्यांचा परिणाम काही तास टिकतो. त्या डॅसाटिनिबबरोबर टाळायच्या. निलोटिनिबबरोबर लागल्याच तर वेळ डॉक्टरांनीच ठरवून द्यायची. आणि डायजीन, जेलुसिलसारखं पातळ औषध किंवा चघळायची गोळी असते, ती पोटात असलेलं अ‍ॅसिड तेवढ्यापुरतं मारते. तिच्यात आणि कॅन्सरच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. बऱ्याच वेळा डॉक्टर ‘प्राझोल’ बंद करून हीच देतात.

नाव बघताना कंपनीचं मोठं नाव बघू नका. पॅन, ओमेझ, रॅन्टॅक ही दुकानातली नावं झाली. त्याच्या खाली बारीक अक्षरात खरं नाव असतं, ते वाचा. दिसत नसेल तर पोरांना वाचायला लावा, नववी-दहावीच्या पोरांना ते सहज जमतं. (झोपेच्या एका गोळीच्या नावातही ‘प्राझोल’ येतं, अल्प्राझोलम, पण तिचा शेवट ‘लम’ आहे. ती वेगळी.)

आता यातला जो खड्डा आहे तो नीट बघा. इमॅटिनिबला या पित्ताच्या गोळ्यांचा फारसा फरक पडत नाही. ती जेवणाबरोबर, भरपूर पाण्यासोबत घ्यायची असते, तरी काहींना मळमळ होते, म्हणून सोबत पॅन-४० दिलेली असते. त्यात चूक काही नाही. पण दोन-तीन वर्षांनी मुख्य औषध बदलतं आणि पॅन-४० मात्र तशीच चालू राहते. रुग्णाला वाटतं, आधी चालत होती, आताही चालेल. शहरातल्या डॉक्टरांना वाटतं, ती कधीच बंद झाली असेल. गावातल्या मेडिकलवाल्याला कॅन्सरचं काहीच माहीत नसतं, तो मागितली की देतो.

आमच्या क्षेत्रातल्या एका गटात असंच झालं. एका ताईंनी बैठकीत अंतर्गत कर्ज मागितलं. पतीच्या आजाराला पाच वर्षं झालेली, औषध बदलून डॅसाटिनिब सुरू केलेलं, आणि सगळं छान चाललेलं असताना तपासणीचा आकडा अचानक वर गेला. सीएमएलच्या रुग्णाची दर तीन महिन्यांनी रक्ताची एक खास तपासणी होते, बीसीआर-एबीएल म्हणतात तिला. आजार दबलेला आहे की डोकं वर काढतोय हे त्यात दिसतं. आकडा वाढला की डॉक्टरांना शंका येते, औषध चालेनासं झालं का? पुढचं औषध आणखी महाग. ताईंनी शेळ्या विकायची तयारी केली होती.

पुढच्या फेरीला डॉक्टरांनी सांगितलं, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. पिशवी टेबलावर ओतली तर त्यात पॅन्टोप्राझोलच्या चार पट्ट्या. पेरणीच्या वेळी गुडघा दुखला म्हणून गावात दुखण्याची गोळी मिळाली होती आणि तिच्या जोडीला ही. गुडघा महिन्यात बरा झाला, दुखण्याची गोळी सुटली, ही मात्र सकाळच्या चहाआधी आठ महिने चालू होती. कोणी घ्या म्हटलं नव्हतं, कोणी थांबा म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी ती थांबवली, पातळ औषध लिहून दिलं, डॅसाटिनिब तेच ठेवलं. तीन महिन्यांनी आकडा खाली आला. कर्ज लागलं ते फक्त येण्याजाण्यापुरतं, आणि शेळ्या अजून दारात आहेत. प्रत्येकाचा आकडा पित्ताच्या गोळीनेच वाढतो असं मुळीच नाही. डोस चुकल्यानेही वाढतो, आजार खरोखर बळावल्यानेही वाढतो. पण औषध बदलण्याआधी पिशवी तपासायला खर्च काहीच नाही.

पॅन-डी बद्दल दोन शब्द वेगळे. त्या ‘डी’चा अर्थ डॉमपेरिडोन, उलटीचं औषध. निलोटिनिबमुळे काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, डॉमपेरिडोनमुळेही तसंच होऊ शकतं. दोन्ही एकत्र झाली तर धोका वाढतो. म्हणून निलोटिनिबवर असलेल्या माणसाने पॅन-डी मनाने घेऊच नये.

आता बाकीचे प्रकार.

मल्टिपल मायलोमा हा आजार बहुतेक वेळा उतारवयात होतो. त्यात हाडं ठिसूळ होतात आणि किडनीवर ताण येतो. पित्ताच्या ‘प्राझोल’ गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर हाडं मोडण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने २०१० मध्ये दिला, आणि शरीरातलं मॅग्नेशियम कमी होतं असा २०११ मध्ये. आपल्याकडेही २०१९ मध्ये किडनीला इजा होऊ शकते ही सूचना या गोळ्यांच्या माहितीत घालायला कंपन्यांना सांगितलं गेलं. म्हणजे या रुग्णाची जी दोन दुखरी ठिकाणं, हाडं आणि किडनी, तिथेच ही गोळी बोट ठेवते. पण घाई करू नका. मायलोमाच्या उपचारात डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड असतं, बऱ्याच जणांना रक्त गोठू नये म्हणून अ‍ॅस्पिरीनही असते. या दोन्हींमुळे पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो टाळायला डॉक्टरांनी पित्ताची गोळी मुद्दाम दिलेली असते. तेव्हा मायलोमाच्या रुग्णासाठी प्रश्न असा विचारायचा: ‘ही गोळी किती दिवस घ्यायची? स्टिरॉइड थांबलं की हीही थांबवायची का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

लहान मुलांमध्ये जास्त दिसतो तो एएलएल. त्याच्या उपचारात काही वेळा मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या प्रमाणात सलाईनमधून देतात. ते काम करून लघवीवाटे वेळेत बाहेर पडावं लागतं. पित्ताची ‘प्राझोल’ गोळी ते बाहेर पडणं लांबवू शकते. मग तोंडात फोड येतात, पेशी खूप उतरतात, किडनीला त्रास होतो. हॉस्पिटलमध्ये ही काळजी घेतात. पण आईने लेकराचं पोट दुखतं म्हणून गावातून आणलेली गोळी पदराआडून दिली, तर सिस्टरला कळणार कसं? माझं म्हणणं एवढंच, अ‍ॅडमिट होताना घरून काय काय दिलं होतं ते सिस्टरना सांगून टाका. आईला कोणी रागावलं तरी चालेल, पण सांगा.

मग जंतूंचं. पोटातलं अ‍ॅसिड हे राखणदार आहे, खाण्यापिण्यातून गेलेले कितीतरी जंतू तिथेच मरतात. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, म्हणजे आतले शिपाई आधीच कमी. त्यात दारावरचा राखणदारही झोपवला तर जुलाबाचे आजार लवकर पकडतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या त्याच खात्याने या गोळ्यांमुळे एक प्रकारचे चिवट जुलाब होऊ शकतात असं जाहीर केलं होतं. ज्या रुग्णाला डॉक्टरांनी ही गोळी चालू ठेवली आहे, त्याच्या ताटाची काळजी म्हणून दुप्पट घ्या. ताजं शिजवलेलं, उकळून गार केलेलं पाणी. रसवंतीचा बर्फ घातलेला रस नको, कापून ठेवलेली फळं नकोत. जुलाब दोन दिवसांवर गेले किंवा ताप आला तर गावात वेळ घालवू नका, केमोच्या रुग्णाचा ताप अंगावर काढायचा नसतो. अजून एक, बुरशीच्या संसर्गासाठी इट्राकोनाझोलची कॅप्सूल देतात, आपल्याकडे गजकर्णालाही तीच देतात. तिलाही अंगी लागायला अ‍ॅसिड लागतं.

हे सगळं वाचून कोणी आज रात्रीच घरातल्या रुग्णाची पित्ताची गोळी उचलून फेकू नये. प्लेटलेट कमी असतील, स्टिरॉइड चालू असेल, आधी पोटात व्रण झालेला असेल, तर तीच गोळी त्याला वाचवत असते. शिवाय खूप महिने घेतलेली गोळी एकदम सोडली की अ‍ॅसिड उसळून येतं, आधीपेक्षा जास्त जळजळ होते, आणि माणूस घाबरून परत तीच घेतो. सोडायची असेल तर डॉक्टर हळूहळू सोडवतात. आणि संडास डांबरासारखी काळी झाली, किंवा उलटीत रक्त आलं, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा.

अजून एक गोष्ट, ज्यांच्या घरात आजार नाही त्यांच्यासाठीही. सीएमएलमध्ये पोटाच्या डाव्या बाजूची प्लीहा वाढते आणि जठरावर दाब येतो. दोन घास खाल्ले की पोट भरतं, डावीकडे जड वाटतं, वजन उतरतं, थकवा येतो. आपण म्हणतो गॅस झालाय. महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या खाण्यात जातात. अशी लक्षणं तीन-चार आठवडे हटत नसतील तर उपकेंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात पोट दाखवा आणि रक्ताची साधी सीबीसी तपासणी करून घ्या. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर त्यात दिसतात.

औषधं सांगायची सोपी रीत म्हणजे पिशवी. तपासणीला जाताना घरातली एकूण एक पट्टी, बाटली, पुडी, चूर्ण, काढा पिशवीत घाला आणि डॉक्टरांसमोर ठेवा. रिकामी पाकिटं टाकू नका, नाव त्यावरच असतं. हे घेऊन जायला जमणार नसेल तर मोबाईलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. आणि गावात ताप-खोकल्यासाठी गेलात तरी आधी सांगा, ‘घरच्यांना ब्लड कॅन्सरची अमुक गोळी चालू आहे, त्याबरोबर हे चालेल का?’ उत्तर येत नसेल तर योजनेखाली उपचार चालू आहेत त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला फोन करून डॉक्टरांचा निरोप मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो, फक्त कागदासाठीच त्याच्याकडे जायचं असं काही नाही.

जळजळीचं काय करायचं, हा प्रश्न मला दर बैठकीत येतो. आधी मशेरी. ज्या बायका सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावतात आणि त्यावर कोरा चहा घेतात, त्यांच्या पोटाला गोळी तरी किती पुरणार? रुग्ण तंबाखू खात असेल तर तीच गत. रात्री नऊला जेवून साडेनऊला आडवं व्हायचं, हे बंद करून बघा, जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या. उशाकडच्या खाटेच्या पायाखाली वीट ठेवली तर घशाशी येणं कमी होतं. एकादशीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाणे, हे रुग्णाला झेपत नाही. घरातल्या मोठ्या माणसांनीच त्याला उपास सोडायला सांगावं, म्हणजे त्याच्या मनाला लागत नाही.

‘इनो तर चालतं ना ताई?’ हा शेवटचा प्रश्न हमखास असतो. इनो म्हणजे सोडाच, तोही अ‍ॅसिड मारतो. त्यामुळे डॅसाटिनिब, निलोटिनिबपासून दोन तासांचा नियम त्यालाही लागू. त्यात मिठासारखं सोडियम भरपूर असतं, तेव्हा ज्यांच्या अंगावर सूज येते किंवा ज्यांना बीपी आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. जिऱ्याचं पाणी, थोडं गार दूध चालतं, फक्त निलोटिनिबच्या वेळेला नाही. ती गोळी खरोखरच रिकाम्या पोटी घ्यायची असते: खाल्ल्यानंतर दोन तासांनी, आणि घेतल्यावर पुढे तासभर काही खायचं नाही. आमच्या एका गटाच्या सचिव ताईंनी हे वेळापत्रक खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवलंय, घरात येणारा-जाणारा वाचतो आणि सासूबाईंना गोळीची आठवण करून देतो.